तिसऱ्या ओळीपर्यंतचा आवाज

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण पापडी गावातली मार्था खोटं बोलणारी बाई नाही. आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली आणि ही त्याच खोट्याची खरी घडलेली गोष्ट आहे.

साल १९७९. मार्च महिना, उपवासकाळ चालू. वेळ रात्रीची नाही, चांगली उन्हाची. दुपारचे तीन.

मार्था तेव्हा अठराची. धाकटी एमिली चौदाची, दम्याने बेजार. वडिलांनी बांद्र्याहून जुना पियानो आणला होता, स्टेशनापासून बैलगाडीत घालून. केळीच्या वाडीत पियानो! गावाने हसून घेतलं.

शिकवायला इझाबेल टीचर यायच्या. परीक्षेसाठी त्यांनी जुन्या युरोपी, बरोक काळातल्या संगीताचा एक तुकडा दिला होता. दोन हात, दोन वेगळ्या चाली. मार्थाचा डावा हात उजव्यामागे नुसता फरफटायचा.

"डावा हात उजव्याचा गडी नाही, बाय," टीचर म्हणायच्या. "विहिरीवर दोघी बोलतात ना, तसं हे. एकीने म्हटलेलं दुसरी आपल्या सुरात म्हणते, तोवर पहिली पुढचं बोलत असते. हाच काउंटरपॉइंट. दोघींचं ऐकू आलं, तरच कळला."

म्हणून दोघी बहिणींना त्यांनी एक रीत घालून दिली होती. एकीने उजव्या हाताचा वरचा आवाज वाजवायचा, दुसरीने डाव्याचा खालचा गायचा. आणि एकीचा आवाज अडला, की दुसरीने तिथेच थांबायचं. एकटीने पुढे जायचं नाही.

त्या दुपारी आई, रोझमेरी, वाडीत मोगरा खुडत होती. एमिली आतल्या खोलीत खाटेवर पडून गात होती. मार्था बाहेर वाजवत होती.

पान उलटलं. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर...

आतला आवाज थांबला.

मार्थाला ते ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. पण आज पहिल्यांदाच एकही चूक झाली नव्हती. एवढं संपवू, मग बघू, असं तिला वाटलं.

तिने शेवटपर्यंत वाजवलं.

मग ती आत गेली. एमिली संपली होती.

आईने छाती पिटत विचारलं, "हाक नाही मारली गो तिने?"

"नाही आई. शेवटपर्यंत गात होती. मग झोपली, असं वाटलं मला."

आईने ते वाक्य उराशी धरलं. महिना भरल्यावर चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सेला, प्रार्थनेला, आलेल्या प्रत्येकीला ती सांगत होती, "माझी एमिली गाता गाता गेली." आणि मार्था मान खाली घालून उभी. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी टीचरांनी तिला पुन्हा बसवलं. त्या गेल्यावर मार्था एकटीच वाजवू लागली, दोन्ही हातांनी.

उजवा हात वाजत होता.

डावाही चालत होता. पट्ट्या दबत होत्या. पण डाव्या हाताचा...

आवाजच नव्हता.

आणि मग आतून, बंद दाराआडून, हलकेच... खालचा आवाज सुरू झाला.

तोच सूर. मध्येच घेतलेला तोच अपुरा श्वास.

मार्थाची बोटं थांबेनात. पान उलटलं. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर...

आवाज थांबला. डाव्या पट्ट्या पुन्हा वाजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी तिसऱ्या ओळीवर मार्था स्वतःच थांबली.

"पुढे गा ना गो," ती पुटपुटली. "बघ, थांबले मी."

काही नाही.

मग खाट करकरली. आणि कुणीतरी श्वास ओढला... शिट्टी वाजल्यासारखा, लांब.

उठून दार उघडायला हवं होतं. चार पावलांवर होतं. मार्था उठली नाही. त्या दिवशी हट्टाने नव्हती उठली, आज भीतीने. कारण काहीही असो, बहिणीपर्यंत ती दोन्ही वेळा गेली नाही.

मागे पावलं वाजली. आई होती. हातात मोगऱ्याची टोपली, चेहरा शांत. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"मार्था," ती आतल्या दाराकडे बघत म्हणाली, "रोज ऐकते मी वाडीतून. ती तिथेच का थांबते गो? शेवटपर्यंत गायली होती ना?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मार्थाने तोंड उघडलंही.

मग तिने पियानोवर बोटं ठेवली आणि उरलेला तुकडा एकटीने शेवटपर्यंत वाजवला.

आई टोपली घेऊन परत वाडीत निघून गेली. १९८६ मध्ये वारली, तोवर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. गाता गाता गेली, हेही ती त्या दिवसानंतर कुणाला म्हणाली नाही.

मार्था परीक्षेला बसली नाही. पियानो अजून पापडीलाच आहे, झाकण लावलेला. तीन वाजत आले की मार्था हातातलं काम टाकून वाडीच्या पार टोकाला जाते. तिथे आवाज पोचत नाही, असं ती म्हणते.

पण कुठला आवाज, हे तिला विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.