दोराची नाव

जेवणं उरकल्यावर काकांनी ओट्यावरचा दिवा मालवला आणि मुलांना जवळ घेतलं. गोष्ट त्यांच्या ओळखीतल्या एका वायरमनची होती.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा गुरुवार, रात्रीचे साडेदहा. नदीच्या जुन्या उतारावरून राखणदाराचा फोन आला. घाटावरचा दिवा गेलाय, सकाळी पाहुणे येणार आहेत, तेवढा बघून जा म्हणाला. वायरमन निघाला खरा, पण त्या जागी जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

तिथं दोराची नाव आहे. दोन्ही काठांना दोर बांधलाय, तो हातानं ओढत पलीकडे जायचं. पूल झाला तशी ती फक्त बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुरती उरली. वायरमनला वाढवणारी आत्या लहानपणी त्याच नावेतून शाळेत जायची. पुन्हा एकदा पलीकडे जायचं तिच्या फार मनात होतं. एका रविवारी त्यानं तिला नेलं. नावाड्याचं जुनं घर दाखवलं, तिथलं छोटं संग्रहालय दाखवलं. नावेपाशी मात्र त्याला टीव्हीवरची मॅच आठवली. दोर खराब झालाय, असं त्यानं ठोकून दिलं. पुढच्या वेळी नेतो म्हणाला.

“तोवर मी काय लहान होणारे?” आत्या हसली आणि काठी टेकत गाडीकडे वळली.

महिन्याभरात ती गेली. काठी गाडीच्या मागच्या सीटवरच राहिली. ती घरात न्यायचा त्याला धीर होईना.

तर त्या रात्री त्यानं वायर जोडली. दिवा लागला. घाटावर कुणी नव्हतं.

टक... टक...

फळ्यांवर काठी टेकल्यासारखं. आवाज नावेपर्यंत गेला. थांबला. नाव किंचित खाली दबली.

तो नावेत चढला. दोर धरला. ओढू लागला.

नाव जड होती.

मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. मधोमध आल्यावर एवढंच म्हणाला, “आत्या, मी खोटं बोललो गं.”



पलीकडचा काठ लागला. कुणी उतरल्यासारखी नाव हलली. तो उतरला नाही.

येताना नाव हलकी होती. गाडीची मागची सीट रिकामी होती.

सकाळी राखणदाराचा फोन. पलीकडच्या खांबाला कुणाचीशी काठी टेकवलेली आहे म्हणाला.

धाकटीनं हळूच विचारलं, पुढे काय?

“पुढे चिखलात पावलं होती,” काका म्हणाले. “शाळेच्या वाटेनं गेलेली. एवढी एवढीशी... तुझ्याएवढी.”