दोन बोटं दुमड

"बँडच्या पँटी इथंच मिळतात ना?"

सिग्नेच्या ओठांत टाचण्या होत्या. "हो" म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिनं नुसती मान हलवली. दारात एक उंच माणूस उभा होता, डोक्यापासून बुटांपर्यंत चिंब. त्याच्यामागे एक पोरगा, तोही चिंब. ट्रम्पेटची पेटी मात्र त्यानं जाकिटाच्या आत छातीशी धरून कोरडी ठेवली होती.

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये ऑक्टोबरात कुणी भिजून आलं, ही काही सांगायची गोष्ट नव्हे. सांगायची गोष्ट ही, की ब्योर्कली शाळेच्या बँडचे गणवेश तेव्हा मुलींच्या टॉयलेटबाहेरच्या बोळात टांगलेले होते! पूर्वी त्यांना खोली होती. मग त्या खोलीत तिसरीचा वर्ग बसला. मग मैदानावर पत्र्याच्या खोल्या आल्या, त्याही भरल्या. जेवायला पाळ्या, झोपाळ्याला पाळ्या, टॉयलेटला तर रांगच. आणि तिथली रीत अशी, की शाळेची कामं पालकांनीच वाटून घ्यायची. कुणी वॅफल भाजायचे, कुणी खुर्च्या उचलायच्या. सिग्नेच्या वाट्याला गणवेश आले होते.

तिनं टाचण्या काढल्या. "मापं गेल्या मंगळवारी होती."

"गेल्या मंगळवारी मी बोटीवर होतो."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तेव्हाही. फेरीबोट चालवतो. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. आयुष्यभर प्रवास केला, पण पोचलो कुठंच नाही बघ."

सिग्नेला हसू आलं. तिथं कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. पहिल्या भेटीतच माणसं अशी घरच्यासारखी बोलतात आणि मग महिनाभर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. हा मात्र ओळख दाखवणाऱ्यातला वाटला.

ती गुडघ्यांवर बसून पोराच्या पँटची लांबी बघू लागली. "दोन बोटं आत दुमडून ठेवते. वाढतं पोर आहे. मे महिन्यात, सतरा तारखेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीआधी उसवू."

"उसवू? म्हणजे आपण दोघं?"

"म्हणजे मी. तुला सुई कुठून धरतात ते तरी माहीत आहे का?"

"टोकाकडून धरत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. "एवढं शिकलोय. रक्त सांडून."

पोरगा पहिल्यांदाच हसला. त्याचं नाव ब्रागे. बापाचं एस्किल.

ते गेल्यावर शेजारची उन्नी सिग्नेच्या कानाला लागली. "ओळखलं नाहीस? हान्नेचा नवरा. आपला बँड शिकवायची ना ती? गेली बिचारी... तेव्हापासून पोरगं फक्त इथंच वाजवतं, ती उभी राहायची त्या जागेसमोर. घरी पेटीसुद्धा उघडत नाही म्हणे."

 सिग्नेनं ती दुमड उसवली आणि जरा जास्त नीट घातली.

मग काय, दर मंगळवारी एस्किलला काहीतरी निघायचंच. कधी बटण तुटायचं, कधी खिसा फाटायचा.

"तुझ्या पोराचे खिसे फाटतात कसे एवढे?"

"कात्रीनं," तो म्हणाला. मग दोघं इतकी हसली, की टॉयलेटच्या रांगेतल्या पोरी वळून बघायला लागल्या.

त्यानं शिवायला शिकायचा हट्ट धरला. तिनं त्याला उलटी टीप घालायला शिकवली. एक टाका पुढे, अर्धा मागे. त्याची बोटं जाड, दोरखंड ओढून खरखरीत झालेली. ती धरून वळवताना तिच्या लक्षात यायचं... की टाका केव्हाच घालून झाला आहे आणि हात अजून सोडलेला नाही.

"घट्ट बसते ही टीप," ती म्हणायची. "सहजासहजी उसवत नाही."

"मला तेच हवंय," तो म्हणायचा आणि सुईकडे बघायचा. कानाच्या पाळ्या मात्र लाल झालेल्या असायच्या.

सिग्नेची लिव आणि ब्रागे एकाच वर्गात होती. ओढ्यावरच्या पुलाशी दोघांची गाठ पडायची आणि दोघं शाळेत जायची. सिग्ने ओढ्याच्या वर राहायची, एस्किल ओढ्याच्या खाली. कोण वर राहतं आणि कोण खाली, याची तोवर कुणाला पडली नव्हती.

नोव्हेंबरात नगरपालिकेनं जाहीर केलं. ब्योर्कलीत आता पोरं मावत नाहीत, महामार्गापलीकडची म्युराची शाळा अर्धी रिकामी आहे, तेव्हा शाळेची हद्द नव्यानं आखणार. एकतर ओढ्याच्या वरची वस्ती म्युराला जाईल, नाहीतर ओढ्याखालची. लोकांचं म्हणणं ऐकून समिती ठरवेल.

झालं! काल एकमेकांच्या पोरांची नाकं पुसणारी माणसं आज एकमेकांची तोंडं बघेनात.

"वरच्यांना काय, दारात दोन-दोन गाड्या! सोडतील पोरांना म्युराला."

"खालचे आले कधी? आमच्या सासऱ्यांनी या शाळेचा पाया खणलाय!"

शाळेच्या जत्रेत वॅफलची टेबलंसुद्धा दोन लागली. वरच्यांनी खालच्यांचे वॅफल खाल्ले नाहीत, खालच्यांनी वरच्यांचे. पोरांनी मात्र दोन्हीकडचे खाल्ले.

सिग्नेला हसायला येत नव्हतं.  तिचा आणि गाइरचा घटस्फोट झालेला. लिव एक आठवडा हिच्याकडे, एक त्याच्याकडे. गाइर शाळेला अगदी लागून राहायचा, त्याचं घर काही हद्दीबाहेर जाणार नव्हतं. त्यानं फोनवर शांतपणे सांगितलं, "तुझी वस्ती गेली तर लिव कायमची माझ्याकडे राहील. मी तिची शाळा बदलू देणार नाही. तुझ्याकडे शनिवार-रविवार येत जाईल की." अगदी शहाण्यासारखं बोलला. त्याचं बोलणं नेहमी शहाण्यासारखंच असायचं, म्हणून तर भीती वाटायची.

म्हणजे वरची वस्ती गेली तर सिग्नेची लेक जाणार. खालची गेली तर ब्रागेचा बँड जाणार, कारण बँड शाळेचा, शाळेच्याच पोरांचा. दोघांनाही हे ठाऊक होतं. म्हणून दोघांनी ठरवलं, की आपण भेटलो की शाळेचं नाव काढायचं नाही.

"मग बोलायचं काय?" तिनं विचारलं.

"मी तुझी तारीफ करीन. तू 'पुरे' म्हण. वेळ जाईल मजेत."

एका रविवारी दुपारी, अंधारून आलं होतं तेव्हा, तो तिला फिरायला घेऊन गेला. त्याच्या घरामागून रानात एक पायवाट जायची. वाटेवर खांबांचे दिवे होते, तिथल्या रानवाटांवर असतात तसे. पण एका वळणावर तो वाट सोडून खाली उतरला. नेच्यांचं झुडूप बाजूला केलं आणि समोर दगडी बोगदा! वरून महामार्गाची घरघर येत होती.

"जुन्या काळी शेतकरी इथून गुरं न्यायचे," तो हळूच म्हणाला. "वर रस्ता झाला आणि लोक हे विसरून गेले. पलीकडेही दिव्यांची वाट आहे. मी हे कुणाला दाखवलेलं नाही. फक्त ब्रागेला... आणि आता तुला."

"मलाच का?"

"कारण इथं मी रडायला यायचो," तो म्हणाला. "आता दुसऱ्या कशासाठी तरी यावंसं वाटतंय."

बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी पाऊस टपटपत होता. तिनं त्याच्या ओल्या कॉलरला धरून त्याला खाली ओढलं. उंच माणसावर प्रेम करायचं म्हणजे मेहनतच! नंतर तो तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाला, "सिग्ने, पोचलो गं मी. एका काठाला तरी पोचलो."

त्या रात्री ती लिवच्या शेजारी पडून उगीच हसत होती. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

जानेवारीत शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. वरचे खिडकीकडे बसले, खालचे दाराकडे. थर्मासातली कॉफी मात्र एकच होती. दोन तास लोक भांडले. शेवटी समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "खालच्या वस्तीतून म्युराला जायचं तर महामार्ग ओलांडावा लागतो. मुलांना पायी जायला सुरक्षित वाट नाही. वरच्या वस्तीला बस देता येईल. त्यामुळे वरची वस्ती म्युराला द्यावी, असा आमचा कल आहे. आणखी कुणाला काही सांगायचंय?"

उन्नीनं सिग्नेच्या बरगडीत कोपर खुपसलं. "अगं बोल ना! तुझीच पोर जातेय!"

सिग्ने उठली. ती लिवबद्दल बोलणार होती, तेवढंच बोलणार होती. पण दाराशी गाइर उभा होता, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर अगदी शहाणा भाव. तिला लिवची रिकामी खोली दिसली. सोमवार, मंगळवार, बुधवार... सगळे रिकामे.

"वाट आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

तिनं एस्किलकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्यानं मान हलवली नाही, हात उचलला नाही, नुसता बघत राहिला. अजूनही खाली बसता आलं असतं तिला.

"गुरांचा जुना बोगदा आहे. रस्त्याच्या खालून. दोन्हीकडे दिव्यांची वाट आहे. मी... मी स्वतः चालून आले आहे."

खिडकीकडून टाळ्या पडल्या. उन्नीनं तिचा मुका घेतला. दाराकडची माणसं एकमेकांना विचारत होती, कसला बोगदा, कुठला बोगदा. एस्किलची खुर्ची रिकामी होती.

ती धावत बाहेर गेली. तो गणवेशांच्या बोळात उभा होता, पाठमोरा.

"एस्किल, माझी लिव... मी काय करायला हवं होतं? सांग ना!"

"हेच," तो म्हणाला. "मीसुद्धा ब्रागेसाठी हेच केलं असतं. आणि तू खोटं थोडंच बोललीस?"

"मग माझ्याकडे बघ तरी."

तो वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "बोगदा मी तुला दाखवला होता गं, सिग्ने. समितीला नाही."

महिन्याभरात निकाल लागला. ओढ्याखालची वस्ती ऑगस्टपासून म्युराला. लिव सिग्नेकडे राहिली. आठवड्याआड सोमवारी ती पिशवी घेऊन यायची आणि सिग्ने तिला इतकं घट्ट धरायची, की लिव ओरडायची, "आई, गुदमरतेय!" ज्यासाठी तोंड उघडलं ते मिळालं होतं. ते नको होतं असं ती कधीच म्हणाली नसती. पण एस्किल मंगळवारी यायचा थांबला. ब्रागेची बटणं तुटेनाशी झाली.

सतरा मेला मिरवणूक निघाली. पुढे शाळेचा झेंडा, मागे बँड, बँडमागे झेंडे नाचवणारी पोरं. सिग्ने फुटपाथवर उभी होती. दुसऱ्या रांगेत ब्रागे होता. दोन बोटं उंच झाला होता, आणि पँट घोट्यापर्यंत नीट आली होती. दुमड कुणीतरी उसवली होती. तिच्याकडे आणलीच नव्हती. ब्रागेनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुढं वळवली. तो फार छान वाजवत होता.

जूनमध्ये, शाळेच्या शेवटच्या दिवशी, एस्किल गणवेश परत करायला आला. बाहेर पाऊस होता, पण या खेपेला त्याच्याकडे छत्री होती.

"धुऊन आणलाय."

"बरं केलंस."

"सिग्ने..." त्यानं गणवेशावर हात तसाच ठेवला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. होतं म्हणत नाही, आहेच. तुला वाटेल मी रागावलोय. राग नाही."

"मग ये ना! आता तर झालं सगळं. ठरलं, संपलं."

"निकाल लागला त्या संध्याकाळी ब्रागेनं मला विचारलं, 'बाबा, तू तिला का दाखवलास?' तुझं नाव नाही घेतलं. माझ्यावर रागावला. त्याला मी काय सांगू? आता ऑगस्टपासून रोज सकाळी त्याला त्याच बोगद्यातून म्युराला न्यायचंय. तिथून परत येऊन तुझ्या स्वयंपाकघरात हसत बसू? तुला बघितलं की मला तोच बोगदा आठवतो गं. आधी सुखाचा होता. आता..."

 तिनं त्याचा हात धरला, खरखरीत बोटांचा. धरून ठेवला. या वेळी टाका घालायचं निमित्तसुद्धा नव्हतं.

"लिवला जप," तो म्हणाला, आणि गेला. छत्री तिथंच विसरला.

सिग्नेनं पँट उलटी केली. खालच्या काठावर जाड दोऱ्याची उलटी टीप होती. वाकडीतिकडी, एक टाका पुढे, अर्धा मागे, पण एकही टाका चुकला नव्हता. ती तिथंच टॉयलेटबाहेरच्या बोळात जमिनीवर बसली आणि रडली.

ऑगस्टमध्ये बँडला नवी पोरं आली. शाळेत आता जागा झाली होती आणि गणवेशांना त्यांची खोली परत मिळाली होती. एक बुटका पोरगा पँटी चाचपत होता. लिव मदतीला होती. तिनं त्यातलीच एक काढली, खालच्या काठावर जाड दोऱ्याची वाकडीतिकडी टीप असलेली. "आई, ही दे. जरा लांब आहे, पण तू टीप उसवून दुमड घाल ना."

"ती नको."

"का? कुणीच घेतलेली नाहीये."

सिग्नेनं तिच्या हातातून पँट घेतली आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीकडच्या खुंटीला अडकवली.

"घेतलेली आहे," ती म्हणाली. मग खाली बसून तिनं दुसऱ्या पँटीला टाचण्या लावायला घेतल्या.