खोडलेला दीर्घ उकार

शके २०१३, आषाढ वद्य पंचमी. स्थळ : चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील शीतकुंड तळाचे चौकशी-दालन.

शेवाळगृहाचा पाणीपुरवठा बंद होऊन सगळे पीक मेले होते. ती आज्ञा अभियंता सुनीती खरवंडीकर यांच्या टर्मिनलवरून, त्यांच्याच नावाने गेली होती. आपण जेवायला गेलो होतो, टर्मिनल उघडे राहिले, एवढाच त्यांचा बचाव. चूक कबूल केली तर ताकीद. नाहीतर पहिल्या यानाने पृथ्वीवर परत. सुनीतीबाईंनी कबुलीच्या मसुद्याला हातही लावला नव्हता.

तळप्रमुख चिंचाळकर निश्चिंत होते. टर्मिनलवर दाबलेली प्रत्येक कळ टिपून पृथ्वीवरील सर्व्हरकडे पाठवणारे सत्रलेखन त्यांनीच आणले होते. बाईंनी तेव्हा कडाडून विरोध केला होता : पाठवलेले शब्द खुशाल टिपा, पण खोडलेली अक्षरे माणसाची स्वतःची, तिथे तो अजून विचार करत असतो. त्यावर, प्रामाणिक माणसाला कसली भीती, असे चिंचाळकरांनी सर्वांदेखत विचारले होते. आज सत्र पुन्हा चालवून दाखवण्याचा आग्रहही त्यांचाच.

चौकशी अधिकारी फरीदा बागवान यांनी पृथ्वीवरची प्रत पडद्यावर लावली. अक्षरे एकेक उमटू लागली. 'पूरवठा'. टर्मिनल अशुद्ध आज्ञा स्वीकारत नसे. शब्द पुसला गेला आणि ऱ्हस्व उकाराने पुन्हा उमटला : 'पुरवठा बंद'.

सुनीतीबाईंना हसू आवरेना. चिंचाळकरांच्या हाताने लिहिलेल्या पुरवठ्याला नेहमीच पूर येतो, असे त्या भर बैठकीत म्हणत आल्या होत्या.

बागवानबाईंनी दोघांचीही जुनी सत्रे मागवली. सुनीतीबाईंच्या एकाही सत्रात तो दीर्घ उकार नव्हता. चिंचाळकरांच्या प्रत्येक सत्रात होता, आणि दर वेळी खोडलेला. जे स्वतः पुसले ते त्यांच्याही लक्षात राहिले नव्हते.

"घाईत टर्मिनल माझंच वाटलं, माझ्या विभागाचा पुरवठा थांबवायचा होता," चिंचाळकर पुटपुटले. "नंतर सांगायचं राहून गेलं."

"सुटलात, बाई," बागवान म्हणाल्या. "आता तरी विरोध मागे घ्याल ना?"

"नाही. ते अक्षर त्यांनी खोडलं होतं. ते वाचायचा हक्क मला नव्हता, तुम्हालाही नाही."

"त्याच अक्षराने तुम्हाला वाचवलंय."

"म्हणून ते माझं होत नाही. विरोध लिहून घ्या. त्यातलं मी काहीही खोडणार नाही."

बागवानबाईंनी तो शब्दशः लिहून घेतला आणि निकाल वाचला :

"आज्ञा चिंचाळकरांची. सुनीतीबाई निर्दोष. त्यांचा विरोध नामंजूर."