पडद्यावरची हिरवी रेघ

शिपाई भागवतकाका शाळेच्या सभागृहाला कुलूप लावायला आले, तेव्हा रंजीता पडद्यासमोरून हलेना.

इंझोरीच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत चित्रकार उज्ज्वलाताईंनी एक नवलाची कलाकृती मांडली होती. शाळेच्या वायफायवरून कुणाच्या मोबाइलमधून फोटो किंवा निरोप गेले, की पांढऱ्या पडद्यावर त्या मोबाइलची रेघ धावायची आणि त्याचा ठरलेला आवाज घुमायचा. रंजीताच्या सोबत्यांपैकी करणचा टाळ, निकिताची शिट्टी. ताईंची रेघ हिरवी, आवाज घुंगरांचा.

दुपारपासून ताईंचा पत्ता नव्हता. फोनही लागत नव्हता. जीपने शेलूबाजारला गेल्या असतील, असं सांगून काका मोकळे झाले होते. पण पडद्यावर हिरवी रेघ अजून सरकत होती!

"काका, वायफाय शाळेच्या बाहेर पोचत नाही. ताई इथंच हायेत," रंजीता म्हणाली.

"मशीनले काय समजते? चला, घरी पळा."

निकिताने कुलूपच ओढणीत दडवलं. काका ते शोधायला व्हरांड्यात गेले, तेवढ्यात करणने वायफायचा डबा लांब वायरीसकट उचलला. मोबाइल जवळ असला की रेघ जाड होते, हे ताईंनीच शिकवलं होतं. पुढच्या खिडकीशी रेघ पुसट झाली. मागच्या खिडकीशी ती जाड झाली, घुंगरं खणखणली आणि एकदम सगळं थांबलं. ताईंचा मोबाइल बंद पडला होता.

रंजीताने खिडकीतून वाकून पाहिलं. खिडकीमागे होती फक्त जमिनीत बांधलेली पाण्याची नवी टाकी. वर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर दगड.

तिघं धावली. कंत्राटदार फुलचंद आडवा आला. टाकी आपणच दुपारी झाकली, आत कोणी नाही, असं तो बजावू लागला.

"झाकताना आत वाकून पाह्यलं होतं का तुमी?" रंजीताने विचारलं.

फुलचंद बाजूला सरकला.

तोवर तिघांनी दगड ढकलायला घेतले. रंजीताची नखं फुटली. हाका मारमारून घसा बसला, पण आतून ओ आली नाही. पत्रा सरकला तेव्हा कोरड्या तळाशी ताई निपचित दिसल्या. कपाळावर रक्त वाळलं होतं.

फुलचंदच शिडी लावून खाली उतरला. त्याने ताईंच्या नाकाशी बोट धरलं.

"श्वास सुरू हाये," तो वर बघून ओरडला.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. ताई शुद्धीवर आल्या होत्या. फोटो काढता काढता मागे सरकताना त्या टाकीत पडल्या होत्या, पाय मोडला होता. टाकीत फोनला रेंज नव्हती, पण काढलेले फोटो मोबाइल वायफायवरून आपोआप पाठवत राहिला होता.

"मोठ्यायनं पाह्यलं नाही, ते लेकरायनं पाह्यलं," सरपंच कमलीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

भागवतकाका रंजीताच्या बोटांना हळद लावत होते. मान वर न करता ते पुटपुटले, "पोरी, तू बोलली तवाच म्या आयकाले पाह्यजे होतं."

तेव्हा कुठे रंजीताला रडू कोसळलं.