शेवटची बावीस पानं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली. साडूवर विश्वास ठेवू नये हे मलाही कळतं. पण हा माणूस चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासत होता. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्याला स्वतःच्या मनाचं काही रचता येत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

रविवार. दुपारचे साडेतीन. छापखाना बंद. प्रुफांच्या खोलीत साडू एकटाच.

टेबलावर एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं. शेवटची तीन प्रकरणं.

कादंबरी पोपटाची.

पोपट हयातभर त्याच खोलीत, साडूच्या समोरच्या खुर्चीवर बसला. काम एकच. हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. साडू प्रुफावर नजर ठेवायचा. परिच्छेद संपला की पोपट थांबे. साडू "हं" म्हणाला की पुढे. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं बोलला, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत.

स्वतःची कादंबरी त्याने साडूकडे भीतभीतच दिली होती.

"सवडीने बघा. घाई नाही."

"वाचतोय," साडू म्हणायचा. अकरा वर्षं म्हणत होता.

पोपट गेला. मग साडूने ती वाचली आणि ढसाढसा रडला. मालकाच्या गळ्यात मारून छापून घेतली. ज्या पोपटाला गावात कोणी चहा विचारला नव्हता, तो मोठ्या शहरांत थोर ठरला.

फक्त शेवटची बावीस पानं नव्हती.

एकदा मशीनवाला शाई पुसायला कागद मागत आला होता. साडूनेच न बघता उचलून दिले होते. "घे, रद्दीच आहे."

मग शेवट साडूने लिहिला. कोणाला बोलला नाही. समीक्षकांनी नेमका शेवटच डोक्यावर घेतला.

तर त्या दुपारी साडूने पहिलं प्रूफ पुढे ओढलं आणि...

समोरून वाचन सुरू झालं.

"नदीला त्या वर्षी पाणी नव्हतं पूर्णविराम तरी स्वल्पविराम नावाडी रोज यायचा पूर्णविराम."

खुर्ची रिकामी होती.

आवाज तोच. कायम सर्दी झालेला. परिच्छेद संपला. आवाज थांबला...

साडूच्या तोंडून सवयीने गेलं, "हं."

वाचन पुढे सुरू.

"अरे, पळून का नाही गेलास?" मी विचारलं.

"काम चोख चाललं होतं," साडू म्हणाला. "पाच चुका सापडल्या."

दोन प्रकरणं झाली. मग साडूने लिहिलेलं प्रकरण आलं.

समोर शांतता.

मग... कागदांची चळत टेबलावर ठोकून सारखी केल्याचा आवाज.

पोपट थांबला होता.

नुसतं "हं" म्हणायचा अवकाश. खरा शेवट कानावर पडला असता. साडूने कोरा कागद घेतला, पेन उघडलं. आणि नेमकं त्याला एका समीक्षकाचं वाक्य आठवलं : असा शेवट शंभर वर्षांत एखादाच.

तो गप्प बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

दार वाजलं. पोपटाची मुलगी, प्रुफं बघायला आलेली.

"काका, एक विचारू? शेवट वाचताना मला बाबा दिसतच नाहीत. तो त्यांचाच आहे ना?"

साडू रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "त्याचाच, पोरी. दुसऱ्या कुणाचा असणार?"

खुर्ची मागे सरकली... फरशीवर करकरत.

मुलीनेही ऐकलं. "कोण आहे इथे?"

"उंदीर."

"खुर्ची सरकवणारा?"

"छापखान्यातले आहेत. कागद खाऊन माजलेत."

प्रुफांवर सही झाली.

आता पाचवी आवृत्ती निघाली आहे. साडू दर रविवारी त्या खोलीत कोरे कागद घेऊन बसतो. "हं," म्हणतो. थांबतो. पुन्हा म्हणतो. समोरून कोणीही वाचत नाही.

एकदा मी सोबत गेलो होतो. निघताना तो म्हणाला, "माझ्याने होत नाही. तिला तू सांगशील?"

मी म्हणालो, "सांगतो."

याला सात महिने झाले. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

दुपारचा मी हल्ली घरात एकटा बसत नाही.