महनूरची वीस मिनिटं

टप्…

मोरीत उपड्या घातलेल्या पातेल्यावर नळाचा एक थेंब पडला.

तेवढाच आवाज. बाकी सारं अमडापूर गपगार. मे महिना, दुपारचे पावणेतीन. दारं लावलेली. कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरखाली शिरलेली.

विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. सुचिता माझी सख्खी जाऊ. भुताखेतांना हसणारी, आकड्यांत रमणारी बाई. मागच्या वर्षी तिच्याच घरात हे घडलं, आणि तिनं सांगितलं तसंच मी लिहिते आहे.

छकुली झोपली होती. चार वर्षांची पोर, पण झोपेतही आईची ओढणी मुठीत. सुचितानं तिचं एकेक बोट अलगद सोडवलं. मुठीत उशीचं टोक दिलं.

आणि लॅपटॉप उघडला.

सासूबाई पुष्पाबाई सकाळी लग्नाला जाताना दारातूनच बोलल्या होत्या, "सहा वर्स झाले, डाक्टर होऊनच राह्यली! पोरीच्या तापाची गोळी सांगता येत नाही, कायची डाक्टर व तू?"

"आज शेवटचा दिवस हाय, आई."

खरंच शेवटचा होता. पाच वाजेपर्यंत प्रबंध ऑनलाइन चढवला नाही, तर नोंदणी रद्द. सहा वर्षं मातीत.

मार्गदर्शक सरांनी आदल्या दिवशी एक चूक दाखवली होती. ती सुधारून हिशेब पुन्हा चालवायचा होता. अंगणवाडीतल्या चार लाख लेकरांची वजनं. घरचा लॅपटॉप त्या ओझ्यानं मान टाकायचा, म्हणून ती विद्यापीठाच्या सर्व्हरवर काम करायची. पडदा इथं, मशीन तिथं.

विभागानं दोघींत मिळून एकच लॉगिन दिलं होतं. एक सुचिता, दुसरी मलकापूरची महनूर. एक आत शिरली की दुसरी आपोआप बाहेर फेकली जायची. म्हणून दोघी आत एक नोटपॅड उघडं ठेवायच्या, निरोपांसाठी. 'लेकरू उठलं, तू बस.' 'दूध उतू गेलं, आली पाच मिनिटांत.'

महनूर अकरा दिवसांपूर्वी गेली. हायवेवर, ट्रकखाली. मागे आठ महिन्यांची मुलगी.

चूक सुधारण्यात पाऊण तास गेला. साडेतीनला सुचितानं हिशेब सुरू केला. चाळीस मिनिटं लागणार होती.

दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

'दुसऱ्या वापरकर्त्यानं प्रवेश केल्यामुळे तुमचं कनेक्शन तुटलं आहे.'

दुसरा वापरकर्ता?

ती पुन्हा आत गेली. तिचा हिशेब… थांबवलेला होता.

त्याच्या जागी दुसरीच फाइल चालू होती.

महनूरचं पाचवं प्रकरण.

सुचितानं ते बंद केलं. आपलं सुरू केलं. सहा मिनिटं…

पडदा काळा.

पुन्हा आत. पुन्हा पाचवं प्रकरण.

नौशादनं, महनूरच्या नवऱ्यानं, लॅपटॉप उघडला असेल. तिनं मलकापूरला फोन लावला. महनूरच्या सासूनं, अमीनाबींनी उचलला.

"लॅपटॉप? तो कुठून चालते बेटा… चकनाचूर झाला ना. पोलिसांनी थैलीत भरून देला. अलमारीत ठेवला हाय."

"कोणी हात लावला काय त्याले?"

"कोन लावणार? नौशाद कामावर. पोरगी तेवढी सकाळपासून त्या अलमारीसमोर बसून हसून राह्यली. उचललं का रडते."

आणि फोनमधून ऐकू आलं…

टक. टक टक. टक.

"तो आवाज कायचा, अम्मी?"

"कायचा आवाज? मले तर काही येत नाही."

सुचितानं फोन ठेवला. लगेच सर्व्हर सांभाळणाऱ्या अविनाशला लावला.

"मॅडम, आज शेवटची तारीख! अर्धा जिल्हा मलेच फोन लावून राह्यला," तो हसला. "बोला."

तिनं सांगितलं.

"थांबा, कुठून जोडलं ते दिसते. हां… मशीनचं नाव, महनू…"

तो थांबला.

"मॅडम… त्या तर…"

"हाव."



"पासवर्ड बदलून देतो," तो हळूच म्हणाला. "नवा फक्त तुमच्याजवळ राहीन. मंग दुसरं कोणी आत येऊच शकत नाही. सांगा लवकर."

"एक मिनिट थांबा."

ती शेवटचं एकदा आत गेली. नोटपॅड पुढे आलेलं होतं. त्यात एक नवी ओळ.

'सुचिता, वीस मिनिटं दे व. माझं होऊनच राह्यलं.'

महनूरची तारीखही आजचीच होती. दोघींनी एकाच दिवशी नोंदणी केली होती.

भिंतीवर चार वाजून पाच मिनिटं.

वीस तिची. चाळीस आपली. पाच वाजून पाच मिनिटं.

आयुष्यभर बेरजा केलेल्या बाईनं ती बेरीज तीनदा केली. तीनदा तेच उत्तर आलं.

"मॅडम? बदलू काय?"

सुचितानं आतल्या खोलीकडे पाहिलं. छकुलीचे तळपाय दिसत होते. ती पोर तान्ही असताना एका हातानं पाळणा आणि एका हातानं कीबोर्ड… सहा वर्षं.

"बदला," ती म्हणाली.

आणि पाचवं प्रकरण स्वतःच्या बोटानं बंद केलं.

त्यानंतर पडदा एकदाही काळा झाला नाही. पावणेपाचला हिशेब संपला. चार बावन्नला प्रबंध चढला. 'यशस्वीरीत्या प्राप्त.'

तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिनं घाईघाईनं महनूरची फाइल शोधली. आता वेळच वेळ होता. चालवून ठेवू, निदान तिच्या मुलीसाठी तरी.

फाइल नव्हती.

कुठेच नव्हती.

नोटपॅड उघडलं. कोरं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी सरकलं…

सुचिता धावत गेली. छकुली कधी उठली, कळलंच नव्हतं. कडी लावलेल्या दारासमोर ती उभी होती. दाराच्या फटीला डोळा लावून, इवलासा तळहात लाकडावर टेकवून.

"कोण हाय व, छकुली?"

पोरीनं मागे वळून पाहिलं. डोळ्यांत नुसतं नवल.

"आई, बाहेर किती ऊन हाय… त्या मावशीले तू आत काऊन नाही येऊ देत?"