अकरा नंबर आणि बारा नंबर

रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन नेमकं तिच्याच हातात आल्यावर आटलं. तिने ते झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गोल गोल फिरवलं, टोकावर फुंकर मारली. काही उपयोग झाला नाही. नऊ वाजायला तीन मिनिटं होती आणि नऊच्या ठोक्याला वॉचमन रजिस्टर मिटणार होता.

शाळेचा नियमच तसा होता. ज्या मुलांची नावं प्रतीक्षायादीत होती, त्यांच्या आईने किंवा वडिलांनी दर सोमवारी आठ ते नऊ या वेळात जातीने गेटवर यायचं आणि आपल्या नंबरासमोर सही करायची. एक सोमवार चुकला की नावावर काट. शाळा प्रवेश देईल याची खात्री नाही, पण आपल्याला तो हवाच आहे याची खात्री मात्र आपण दर आठवड्याला पटवून द्यायची. गरजवंताला अक्कल नसते, त्यामुळे सगळे मुकाट्याने यायचे.

“हे घ्या,” मागून कुणीतरी म्हणालं.

पुढे आलं ते खोक्यांवर नावं लिहायचं जाडजूड लाल मार्कर होतं. तिने मागे न बघता ते घेतलं आणि सही ठोकली. ती एवढी मोठी झाली, की अकराव्या ओळीतून निघून थेट बाराव्या ओळीत जाऊन पोचली.

“बारा नंबर माझा आहे,” तो आवाज शांतपणे म्हणाला. “ओळख नाही, पाळख नाही, आणि एकदम घरातच घुसलात.”

तिने वळून पाहिलं. उंच, सडसडीत माणूस. खाकी शर्टाच्या बाहीला ग्रीसचे डाग, खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा बिल्ला. चेहरा अगदी गंभीर, पण डोळे हसत होते... त्याचंही लक्ष तिच्या हातांकडे गेलं होतं. कोपरापर्यंत पांढरे होते ते. रंगकाम करता का, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, दातांच्या कवळ्या बनवते, हे प्लास्टर आहे.

“मग बरं झालं. ही यादी हलेपर्यंत मला एक लागेलच.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसताना तिला स्वतःचंच नवल वाटलं.

त्यानंतर दर सोमवारी सही झाली की दोघं समोरच्या बाकावर चहा घ्यायला बसू लागले. यादीतले पालक एकमेकांना नंबरानेच ओळखायचे, म्हणून ती अकरा आणि तो बारा. आमच्या तर नंबरातच बारा वाजलेत, असं तो प्रत्येक नव्या माणसाला न चुकता सांगायचा आणि ती न चुकता डोळे वटारायची. एका सोमवारी पाऊस कोसळत होता. वॉचमनच्या टपरीवजा खोलीच्या पत्र्याखाली दीड माणसाची जागा, आणि उभी माणसं दोन. तो अर्धा भिजत राहिला. तिच्या भुवईला प्लास्टरचा कण चिकटलेला पाहून त्याने बोट पुढे केलं... आणि मध्येच थांबवून आपल्याच भुवईवर टेकवलं. “इथे... इथे काहीतरी आहे तुमच्या.” तिने कण पुसला. पण ते मध्येच थांबलेलं बोट तिला दिवसभर आठवत राहिलं.

हळूहळू बाकीचंही कळलं. त्याची बायको लवंगी वर्षाची असतानाच आजारपणात गेली. लवंगी म्हणजे त्याची मुलगी. नाव वेगळं होतं, पण फटाक्यासारखा आवाज आणि स्वभाव पाहून घरात सगळे लवंगीच म्हणायचे. गेल्या वर्षी तिचा नंबर हुकला होता. यंदा हुकला तर पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हती, मग ही शाळा कायमची बंद. अकरा नंबरचा, म्हणजे तिचा स्वतःचा, नवरा परगावी नोकरीला गेला आणि तिथेच त्याने दुसरं घर थाटलं, कागदोपत्रीही सारं मिटलं. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा झाला तरी मोजके चारपाच शब्द बोलायचा. आजी त्याला कौतुकाने मौनीबाबा म्हणायची, पण कौतुकाखाली काळजी होती. या शाळेत एका वर्गात वीसच मुलं, आणि अशा मुलांना बोलतं करणाऱ्या एक बाई होत्या. गावात दुसरीकडे कुठे ती सोय नव्हती.

आठव्या सोमवारी कार्यालयाने सगळ्यांकडून संपर्काचा कागद भरून घेतला. दोन चौकोन, दोन फोन नंबर. ती पेन चावत थांबली. कार्यशाळेत घासायच्या यंत्राच्या आवाजात कितीदा तरी फोन ऐकू यायचा नाही, आणि आईला कानाने कमी ऐकू यायचं.

“माझा द्या,” तो म्हणाला. “माणूस लिफ्टमध्ये अडकला की आम्हाला फोन येतो. आंघोळीलासुद्धा सोबत असतो.”

“एवढं सांगायची गरज नव्हती,” ती म्हणाली आणि लाजून खाली बघत लिहू लागली. तो एकेक आकडा मुद्दाम सावकाश सांगत होता. त्या नादात तिने त्याचा नंबर वरच्या चौकोनात लिहिला आणि आपला खालच्या. लक्षात आल्यावर कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला राहू द्या, वरचा उचलला नाही तर खालचा लावू.

घरी आईने कपाळाला हात लावला. तुझ्या मागोमाग ज्याचा नंबर, त्याचाच फोन तू वर लिहिलास? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास गं. ती म्हणाली, तो तसा नाही. आई म्हणाली, तसा कुणीच नसतो, वेळ येईपर्यंत.

आणि वेळ आली. नावं अकरा आणि बाराच राहिली, पण यादी पुढे सरकत सरकत शेवटच्या सोमवारी ती पहिली होती आणि तो दुसरा. शुक्रवारी दुपारी तीनला यादी कायमची बंद होणार होती. जागा रिकामी झाली तर कार्यालय फोन करणार. मूळ कागद घेऊन तीनच्या आत पोचलं नाही, तर जागा गेटवर हजर असलेल्या पुढच्या नंबराला. त्या सोमवारी चहा झाला, पण बोलणं झालं नाही. दोन जागा निघाव्यात असं दोघांनाही वाटत होतं आणि एकच निघेल हे दोघांनाही माहीत होतं. जाताना तो नुसतं “भेटू” म्हणाला. कुठे, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

शुक्रवारी तिने फोन समोर टेबलावर ठेवला आणि यंत्राला हातच लावला नाही. नुसती मेणात दात बसवत राहिली. एक वाजला. दीड वाजला. फोन गप्प. पावणेदोनला तिने शाळेत फोन लावला, तो सतत व्यस्त. मग बारा नंबरवाल्याला लावला. बंद. आंघोळीलासुद्धा सोबत असणारा फोन बंद होता. आईचे शब्द कानात वाजायला लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरे वाटायला लागले.

सव्वादोनला तिने कागदांची पिशवी खांद्याला लावली, मालकाला काय सांगितलं ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि ॲप्रनसकट बाहेर धावली. दारातच तो समोर आला. घामाने निथळत होता.

“जागा निघालीय. तुमची. चला... गाडीवर बसा.”

ती बसली. दोन सिग्नल लागले. प्रत्येक ठिकाणी त्याने घड्याळ बघितलं आणि तिने त्याची पाठ. पिशवी तिने छातीशी धरली होती, आणि दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट. जीव मुठीत धरणं म्हणजे काय, ते तिला त्या पंचवीस मिनिटांत कळलं. तिच्या मुलाचं बोलणं त्या गाडीच्या चाकांवर अडकलं होतं.

तीनला अठरा मिनिटं असताना ते गेटवर पोचले. वॉचमनने तिला आत सोडलं आणि त्याच्याकडे बघून सहज म्हणाला, “साहेब, मघाशी दीडला आलात तेव्हाच यांना आणायचं ना. दोन चकरा झाल्या की तुमच्या.”

ती जागच्या जागी थांबली. त्याने खाली मान घातली. त्याच्या काखेत प्लास्टिकची एक फाईल होती, आणि वरच्याच कागदावर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता.

विचारायला वेळ नव्हता. आत कारकुनाने चार ठिकाणी सह्या करायला लावल्या आणि चारही सह्या वेगवेगळ्या झाल्या. कारकून म्हणाला, बाई, सावकाश, मुलाचा प्रवेश झाला. तिला रडू आलं. ते कशाचं होतं, हे त्या घटकेला तिला सांगता आलं नसतं.

बाहेर आली तेव्हा तो बाकावर बसला होता. ती उभीच राहिली.

“फोन कधी आला होता?”

“एक वाजता.”

“आणि माझ्याकडे सव्वादोनला आलात.”

“हो.” त्याने फाईल मांडीवर आडवी केली. “सांगतो म्हणून कबूल केलं त्यांना. मग फोन बंद केला. घरी जाऊन कागद घेतले... इथे येऊन बसलो. पाऊण-एक तास गेला असेल. तो सगळा वेळ मी चोर होतो.”

“आणि उरलेली वीस-पंचवीस मिनिटं?”

“गाडी चालवत होतो.”

तिला हसू आलं नाही. तिला त्याचा राग आला होता, आणि तो तिने स्पष्ट सांगितला. यायलाच हवा, असं तो म्हणाला. मग परत का फिरलात, असं तिने विचारलं.

“चांगुलपणा नव्हे हं तो. उगाच गैरसमज नको. लवंगी शाळेत गेली असती, दर सोमवारी मी तिला सोडायला आलो असतो... आणि हा बाक रिकामा दिसला असता. तुम्ही पुन्हा कधीच माझ्याशी बोलला नसता. मला वाटलं होतं, ते सोसेल. नाही सोसलं.”

ती त्याच्या शेजारी बसली. मधे हातभर अंतर होतं.

“खरं सांगू? तुमच्या जागी मी असते तर तीनपर्यंत इथेच बसले असते,” ती म्हणाली. “हललेही नसते. म्हणून जास्त राग येतोय.”

त्याने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पण चेहऱ्यावर अजून दडपण होतं. घरी कागद घेताना तो आईला काम झालं म्हणूनच सांगून आला होता. आईने नातीला नवा फ्रॉक घालून दारात बसवलं असणार. आता काय तोंडाने जाऊ, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

“मी येते,” ती म्हणाली.

“कशाला? माझी आई तोंडाने फार—”

“येते म्हटलं ना.”

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्याच इमारतीत लिफ्ट बंद, असं एरवी ती नक्की म्हणाली असती. तो पुढे, ती मागे, दोघं एकेक पायरी चढत गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर दोन वेण्यांची लवंगी, आणि तिच्यामागे पदराला हात पुसत त्याची आई.

“झालं?” आईने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

“माझ्या मुलाचं झालं,” ती पुढे होऊन म्हणाली. “जागा एकच होती. मला यायचा शाळेचा फोन यांच्याकडे आला होता. हे गप्प बसले असते तर आज तुमच्या नातीचं नाव लागलं असतं. तासभर गप्प बसलेही. मग मला घ्यायला आले.”

आईने मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेपुढे भल्याभल्यांनी मान खाली घातली असती. तिने नाही घातली.

“आणि हे सांगायला तू तीन जिने चढून आलीस?”

“नाही. हे त्यांनी सांगितलंच असतं.” तिने त्याच्याकडे बोट केलं. “मला हे आवडतात. तुम्हाला आधी सांगायचं होतं... त्यांना अजून सांगितलेलं नाही.”

तो भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

“म्हणजे नातीची जागा घेतलीस,” आई हळूहळू म्हणाली, “आणि आता मुलगाही मागायला आलीस.”

“हो.”

लवंगीने तिचं ॲप्रन ओढलं. “मग मी कुठल्या शाळेत जाणार?”

ती खाली बसली. मोठ्या माणसांना दिली असती तशी गोल गोल उत्तरं तिला सुचत होती, पण ती तिने दिली नाहीत. “बाजारामागच्या. तिथे एका वर्गात खूप मुलं आहेत. बाईंचं लक्ष जाणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी तुला शिकवायला येईन. माझ्या मुलालाही आणेन. त्याला बोलता येत नाही फारसं.”

“मला येतं,” लवंगी म्हणाली.

“ते कळलं मला.”

“रोज म्हणजे रोज?” आईने विचारलं.

“रोज.”

आई दारातून बाजूला झाली. “बोलणारे पुष्कळ असतात. बघू,” ती म्हणाली. “चपला बाहेर काढ आणि आत ये.”